कोऱ्या कपाळाचा साहेब

तुम्ही शहाणे आहात, हे तुम्ही आजवर कुणाला, कधी आणि कोणता कागद दाखवून सिद्ध केलं आहे?

घाई करू नका. मद्रासमध्ये मी हा प्रश्न पुष्कळांना विचारला. बहुतेक जण आधी हसले, मग चिडले आणि शेवटी शाळेच्या सर्टिफिकेटाबद्दल बोलू लागले. ते चालत नाही. मी ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे, त्याला चार वर्षं दरवर्षी शहाणपणाचा एकच पेपर द्यावा लागला आणि चारही वर्षं तो नापास झाला. पाचव्या वर्षी त्याची परीक्षक म्हणून मी गेले. तेव्हा मी स्वतः एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि जगातला सगळा अन्याय मेपर्यंत संपवायचा माझा बेत होता, कारण मेनंतर निकाल लागणार होता.

हा बेत कुठून आला ते सांगते. माझे वडील, अप्पा, जॉर्जटाउनमधल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापखान्यात ज्याची त्याची पत्रकं छापली जात: दारूबंदीवाल्यांची, कामगारांची, देव मानणाऱ्यांची आणि देव फोडणाऱ्यांची. खराब निघालेले कागद अप्पा घरी आणत. तांबरमच्या आमच्या घरात लोणच्याच्या बरणीखाली ‘कष्टकऱ्यांनो, उठा’ होतं आणि आईच्या मसाल्याच्या डब्यांत ‘हुंड्याचा धिक्कार असो’ अंथरलेलं होतं. मी गणितं पाठकोऱ्या बाजूला सोडवायची आणि कंटाळा आला की पुढची बाजू वाचायची. गणितं कच्ची राहिली. पुढची बाजू मात्र अंगात भिनली. मी सहाव्या वर्षी आईकडे न्याहारीच्या दोशांबद्दल तीन मागण्या लेखी सादर केल्या होत्या.

आमच्या घरची मराठी तंजावरची. लिहायची मराठी मी नंतर पुस्तकांतून शिकले. तेव्हा इथे काही चुकलं दिसलं, तर अप्पांची लाल पेन्सिल अजून चालू आहे, ते वाचतीलच.

मानसशास्त्र मी घेतलं ते माणूस समजावा म्हणून नाही. तुरुंग आणि वेड्यांचं इस्पितळ ही दोन ठिकाणं बंद करायची तर आत शिरायला हवं, आणि आत शिरायचा सरळ रस्ता आमच्या विभागातून जात होता. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून दोन दिवस इस्पितळात पाठवत. माझ्या वाट्याला गुन्हेगारांचा वॉर्ड आला. ज्यांच्यावर खटला आहे, पण खटला समजण्याइतकी अक्कल ठिकाणावर नाही असं कोर्टाला वाटलं, ते लोक इथे. अक्कल ठिकाणावर आली की परत कोर्टात. आली की नाही, हे ठरवायला आमची पेटी.

पेटीत प्रश्नांची एक पुस्तिका होती आणि चित्रांचे पत्ते होते. दोन्ही विलायतेहून आलेले. प्रश्नांचं तमिळ भाषांतर विभागाने एका पंडितांकडून करून घेतलं होतं. ते इतकं शुद्ध होतं की प्रश्न समजला तर माणसाला निम्मे गुण तिथेच द्यायला हवे होते. उत्तरांची किल्ली मात्र जशीच्या तशी राहिली होती. किल्लीतलं उत्तर दिलं तर दोन, जवळपासचं दिलं तर एक, नाहीतर शून्य.

आता त्या माणसाकडे येते. तो अंबत्तूरच्या बाजूचा नीरकट्टी होता, म्हणजे गावच्या तळ्याचं पाणी पाटापाटाने कुणाच्या शेतात किती वेळ सोडायचं ते बघणारा. त्याच्या बापाचं आणि आज्याचंही हेच काम. त्या भागात कारखान्यांसाठी जमिनी मोजायला सुरुवात झाली आणि मोजणीवाल्यांनी हद्दीचे दगड रोवले. त्यातले सात नेमके पाटात. नीरकट्टीने सातही उपटले, धुतले आणि तहसीलदाराच्या ओसरीवर एका ओळीत मांडून ठेवले. सरकारी मालमत्तेची नासधूस म्हणून खटला झाला. मॅजिस्ट्रेटने विचारलं, “दगड तू काढलेस?” तो म्हणाला, “पाण्याच्या वाटेत दगड कोणी घातले? आधी ते सांगा.” मॅजिस्ट्रेटने तीनदा विचारलं. त्यानेही तीनदा विचारलं. तेव्हा मॅजिस्ट्रेटने त्याला तपासणीसाठी इस्पितळात पाठवलं आणि तिथे आमची पेटी त्याची वाट पाहत होती.

मी गेले तेव्हा तो कडुनिंबाखाली बसून इस्पितळाच्या बागेचं पाणी वळवत होता. शेजारी त्याची बायको चिंचेच्या भाताचा डबा उघडून बसली होती. दर भेटीच्या दिवशी ती बस बदलत यायची. मला पेटीसकट बघितल्यावर तिने आधी नवऱ्याचं तोंड पुसलं, जणू फोटोच काढायचा आहे.

“अम्मा, यंदा तरी पास करा यांना,” ती म्हणाली. “आमचा नातू तिसरीत गेला. हे अजून पहिल्याच इयत्तेत.”

“नातवाला मास्तर बरा मिळाला,” नीरकट्टी म्हणाला.

हवालदारीण नव्हती, म्हणून मोठा वॉर्डर माझ्या रक्षणासाठी स्टूल टाकून बसला आणि लगेच पेंगू लागला. मी पुस्तिका उघडली.

“शेजारच्या घरातून धूर येताना दिसला, तर तुम्ही काय कराल?”

“तेच.”

“तेच म्हणजे?”

“गेल्या वर्षी सांगितलं तेच. त्या साहेबांनी लिहून घेतलं होतं.”

मी जुने कागद काढले. चार वर्षांचे चार विद्यार्थी, चार हस्ताक्षरं. पहिल्या वर्षी त्याने प्रत्येक प्रश्नाला भरपूर उत्तर दिलं होतं. दुसऱ्या वर्षी थोडक्यात. चौथ्या वर्षी पानभर नुसतं ‘तेच’ होतं. ‘तेच’ला किल्लीत गुण नाहीत, त्यामुळे माणूस वर्षागणिक खालावत चालला आहे, असा अहवाल गेला होता. माझ्यासारख्याच एका एम.ए.ने तो लिहिला होता, खाली रेघ मारून.

“अय्या, पुन्हा एकदा सांगा. माझ्यासाठी,” मी म्हटलं.

त्याने सुस्कारा टाकला. “शेजाऱ्याकडून धूर आला तर चूल पेटली. आमच्याकडे अजून पेटली नसेल तर बायकोला हाक मारीन.”

किल्ली म्हणत होती, अग्निशामक दलाला कळवणे. शून्य.

“दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी दार का ठोठावावं?”

“दिवसाढवळ्या दार लावतं कोण? लावलं असेल तर आत कोणी गेलेलं असेल किंवा जायच्या वाटेवर असेल. तिथे ठोठावू नये. बाहेर बसावं.”

किल्ली : दुसऱ्याचा खासगीपणा जपण्यासाठी. शून्य.

“गाडी चुकली तर काय कराल?”

“घरी जाऊन जेवीन. उद्या आहेच की ती.”

किल्ली : वेळापत्रक पाहणे. शून्य.

मग चित्रं. पहिल्याच पत्त्यावर एक विलायती साहेब होता. कोट, टाय, हॅट काखेत. चित्रात काय राहिलंय ते सांगायचं. नीरकट्टीने पत्ता दूर धरला, जवळ धरला. “कपाळावर काही नाही. ना विभूती, ना नाम. आंघोळ न करता निघालाय.” त्याच्या बायकोने डोकावून पाहिलं आणि हळहळून मान हलवली.

किल्ली : डाव्या बाहीच्या कफाला बटण नाही. शून्य.

वॉर्डर डोळे मिटूनच म्हणाला, “बरोबर आहे. मीही नेहमी कपाळच म्हणतो.”

बेरीज केली. त्या बेरजेचा अर्थ असा की हा माणूस सहा वर्षांच्या मुलाएवढा आहे आणि खटला त्याला कळणार नाही. त्या क्षणी माझ्या अंगात लोणच्याच्या बरणीखालचं पत्रक उठून उभं राहिलं. पण कोणाला परत कोर्टात पाठवायचं ते ठरवणारं मंडळ दोन आठवड्यांवर होतं. इस्पितळाचे मुख्य डॉक्टर, आमचे प्राध्यापक आणि बाहेरचे सदस्य म्हणून एक निवृत्त न्यायाधीश, असे तिघे बसणार होते. तिथे गुण नसले की आणखी एक वर्ष.

मी ठरवलं की शिक्षण हाच उपाय. पुढच्या खेपेला मी त्याला किल्लीतली उत्तरं शिकवायला बसले.

“अय्या, म्हणा : अग्निशामक दलाला कळवीन.”

“आमच्या गावात ते नाही.”

“असं समजा की आहे.”

“मग असंही समजा की मी सुटलो.”

“नुसतं म्हणायचंय हो! दोन गुण मिळतात!”

त्याने पाटातला गाळ हाताने बाजूला केला आणि मग माझ्याकडे बघितलं. “अम्मा, दगड मी काढले हे कोणी पाहिलं नव्हतं. ‘मी नाही’ एवढं म्हटलं असतं तर त्याच दिवशी घरी गेलो असतो. तेव्हा म्हटलं नाही आणि आता धुराबद्दल खोटं बोलू?”

मला फार राग आला. तत्त्वनिष्ठ माणूस मी होते! निदान त्या वॉर्डात तरी ही जागा माझी होती. आणि इथे एक अंगठेबहाद्दर गृहस्थ माझीच पत्रकं मला ऐकवत होता, तीही न वाचता.

तांबरमपर्यंतच्या गाडीत मी पेटी मांडीवर घेऊन धुमसत आले. घरी तंजावरचे पाहुणे आले होते : आईचे थोरले भाऊ, निवृत्त हेडमास्तर. पंगतीला बसल्यावर मामा म्हणाले, “काय गे, तुझा तो वेडा काय म्हणतो?”

माझ्या डोक्यात तेव्हाच ते आलं. मी जेवण झाल्यावर पेटी उघडली आणि घरच्यांचीच परीक्षा घ्यायला बसले.

मामा पहिले. धुराच्या प्रश्नाला त्यांनी धुराचे प्रकार सांगितले, यज्ञाचा वेगळा, चुलीचा वेगळा. मी मध्ये बोलले तर म्हणाले, “मास्तर कोण, तू की मी?” किल्लीपर्यंत ते पोचलेच नाहीत. दाराच्या प्रश्नाला म्हणाले, “मी का ठोठावू? हेडमास्तर आलाय हे गावाला कळतं.” शून्य, शून्य. मामांची बेरीज नीरकट्टीच्या खाली गेली. हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. आता कळेलच.

आईला साहेबाचं चित्र दाखवलं. “अय्यो, कपाळ असं कोरं का गे? ह्यांच्या घरी काही झालंय काय?”

“आई, तो विलायतेचा आहे.”

“मग काय? विलायतेच्या लोकांना कपाळ नाही?”

“बाही बघ, बाही.”

“बाही बरी आहे की. शिवणाऱ्याने चांगली शिवलीये.”

अप्पांनी पुस्तिका हातात घेतली तेव्हा मला आशा वाटली. शहरातल्या सगळ्या विचारांची मुद्रितं वाचलेला माणूस. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन्सिल काढली आणि एकेक पान उलटत गेले. मग पुस्तिका परत दिली. उत्तर एकाचंही नव्हतं. पंडितांच्या शुद्ध तमिळमधल्या चुका मात्र त्यांनी पानापानावर लाल केल्या होत्या. “हे छापायला परवानगी कोणी दिली?” एवढंच त्यांनी विचारलं. मी न दिलेल्या उत्तरांसाठी शून्यं मांडली. माझं सबंध कुटुंब कायद्याने खटल्याला नालायक ठरलं.

पुढच्या दिवसांत मला थांबवणं कठीण झालं. मोठा वॉर्डर, विभागाचा कारकून, वाचनालयातल्या बाई, ज्याच्या समोर पत्ता धरता येईल त्याच्यासमोर मी धरला. साहेबाच्या कपाळाची सगळ्यांना काळजी होती. बटण फक्त एकाला दिसलं. तो शिंपी होता.

मग मी अहवाल लिहिला. ‘विलायती किल्ली आणि स्वदेशी कुलूप’ असं त्याचं नाव होतं आणि शेवटी पाच मागण्या होत्या. चौथी मागणी प्राध्यापकांच्या राजीनाम्याची होती.

प्राध्यापक विलायतेत शिकून आले होते. तोंडात नेहमी पाइप असे, पण मद्रासच्या दमट हवेत त्यांच्या काड्या पेटत नसत आणि पेटत नाही हे ते कबूल करत नसत. त्यांनी माझा अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचला. चौथ्या मागणीपाशी पाइप तोंडातून काढला.

“हा अहवाल आहे की मोर्चा?”

“सर, ती किल्ली चुकीची आहे.”

“किल्लीमागे तिकडे फार मोठं काम झालेलं आहे.”

“तिकडे, सर. तिकडच्या लोकांवर. माझ्या आईला विचारून कोणी किल्ली केली?”

“तुमच्या आईवर खटला चालू नाही.”

“नीरकट्टीवर चालू नाही, हीच तर तक्रार आहे!”

ते थोडे हसले असावेत, पण पाइप आड आला. त्यांनी मागण्या फाडल्या, मी घेतलेल्या परीक्षांचे कागद मात्र ठेवून घेतले आणि म्हणाले, “गुरुवारी मंडळ आहे. पेटी घेऊन या. बसायचं. बोलायचं नाही. एक अक्षर नाही.”

गुरुवारी मी ओठ दाबून बसले. नीरकट्टीला बाहेर बाकावर बसवलं होतं. बायकोने त्याला धुतलेली वेष्टी नेसवली होती, आणि त्याच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे इतके ठळक होते की त्याला पाहून कोणत्याही किल्लीने लाजावं. मुख्य डॉक्टरांनी जुने अहवाल वाचायला घेतले. “उत्तरोत्तर खालावत आहे,” ते म्हणाले. प्राध्यापकांनी पत्ते मांडून ठेवले. कॉफी यायला वेळ होता.

निवृत्त न्यायाधीश फार म्हातारे होते. कपाळावर उभं, लालपांढरं, ठसठशीत नाम. अहवाल ऐकता ऐकता त्यांनी कंटाळून समोरचा पत्ता उचलला. दूर धरला. जवळ धरला.

“हे काय आहे?”

“अपूर्ण चित्र, सर,” प्राध्यापक म्हणाले. “काय राहिलंय ते रुग्णाने सांगायचं.”

“सोपं आहे की,” न्यायाधीश म्हणाले. “कपाळ मोकळं आहे. नाम नाही.”

मी माझ्या दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. ‘एक अक्षर नाही’ ही आज्ञा मी आयुष्यात एवढी एकच पाळली आहे.

डॉक्टर छताकडे बघू लागले. प्राध्यापकांनी सावकाश माझे कागद पुढे ओढले.

“रुग्णाचंही हेच उत्तर आहे, सर.”

“मग? किती गुण आहेत याला?”

“शून्य.”

“का?”

“डाव्या कफाला बटण नाही, सर. ते अपेक्षित आहे.”

न्यायाधीशांनी पत्ता पुन्हा पाहिला. मग प्राध्यापकांकडे पाहिलं. चाळीस वर्षं माणसांना आत पाठवलेले डोळे होते ते. “म्हणजे मलाही शून्य?”

प्राध्यापकांनी काडी ओढली. खरं सांगते, त्या दिवशी ती पेटली.

“किल्लीप्रमाणे, सर, हो,” ते म्हणाले. “पण या किल्लीप्रमाणे माझ्या विद्यार्थिनीचे आईवडील, मामा, इथले मोठे वॉर्डर आणि आमचा कारकून, सगळेच या वॉर्डात हवेत. तिने तपासलं आहे.” आणि त्यांनी माझे कागद एकेक करून वाचून दाखवले. मामांच्या यज्ञाच्या धुरापाशी डॉक्टरांना खोकल्याची उबळ आली. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. त्यांनी नीरकट्टीला आत बोलावलं आणि पेटीतलं काही न विचारता विचारलं, “तुझ्यावर खटला कशाचा आहे?”

“सात दगडांचा.”

“मॅजिस्ट्रेटचं काम काय असतं?”

“विचारणं. आणि ऐकणं. त्यांनी पहिलं केलं.”

न्यायाधीशांनी जागच्या जागी सही केली : खटला समजण्यास समर्थ. बाहेर बायकोने कागद दोन्ही हातांनी घेतला, उलटा धरला आणि मला विचारलं, “पास?” मी म्हटलं, पास. ती तिथेच बाकावर बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. मग मीही.

नीरकट्टी निघताना माझ्यापाशी थांबला. “अम्मा, पाच वर्षं तुम्ही लोकांनी मला विचारलं. आता एक प्रश्न माझा. पाटात दगड पडलेला दिसला, तर तुम्ही काय कराल?”

मी लगेच म्हटलं, “तहसीलदाराकडे अर्ज करीन. सह्या गोळा करीन. पत्रक काढीन!”

“शून्य,” तो म्हणाला. “दगड काढायचा, अम्मा.”

खटला एका सकाळी संपला. नव्या मॅजिस्ट्रेटने विचारलं, त्याने तेच विचारलं, या वेळी ते लिहून घेतलं गेलं, आणि मग त्याने “हो, मी काढले” असं सांगितलं. शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची. कोर्ट दुपारच्या जेवणाला उठलं. जेवणाच्या सुट्टीएवढ्या गुन्ह्यासाठी तो माणूस चार वर्षांहून अधिक आत होता. ही गोष्ट मी लोकांना सांगते तेव्हा ते मामांपाशी हसतात, आणि हसायलाच हवं. पण ते इथे हसायचे थांबतात का, ते मी बघत असते.

मला एम.ए. मिळालं. अहवालाला बेताचे गुण पडले, भाषा भडक म्हणून. पेटी विभागाच्या कपाटात आहे, किल्लीसकट. प्राध्यापकांनी साहेबाच्या पत्त्यामागे पेन्सिलीने ‘कपाळ : दोन गुण’ असं लिहिलं आहे. बाकीचे पत्ते तसेच आहेत, आणि इतर गावांतल्या पेट्या तर कोणी उघडूनही बघितलेल्या नाहीत.

म्हणून माझी एकच मागणी, आणि ही कोणी फाडू नये. तुम्ही मास्तर असाल, डॉक्टर असाल, कचेरीत लोकांना पास-नापास करत असाल, तर उद्या ती प्रश्नपत्रिका घरी न्या. आधी आईला सोडवायला द्या. किल्लीने तपासा, तिचे गुण स्वच्छ अक्षरात पहिल्या पानावर लिहा, आणि ते पान समोर ठेवूनच दुसऱ्या कुणाच्या नावापुढे आकडा मांडा.